रिटायर झाल्यावर इंग्लंडातच राहावं की घर विकून पुण्याला परतावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ६६, इंग्लंडात ३६ वर्षं, लंडनमधल्या हॅरोजवळ स्वतःचं घर, दोन्ही मुलं तिकडेच. तुम्हाला पुण्याला यायचं आहे, पत्नीचं मन होत नाही, आणि घर विकून एकदाच काय ते कायमचं यावं का, असं तुम्ही विचारलं आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच चाललं होतं. फरक इतकाच, की आमच्याकडे नको म्हणणारी मी होते. म्हणून लिहायला बसले. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं मत आधीच सांगते. दोघं हिंडते-फिरते आहात तोवर कुठेही राहा, निभावून जातं. पण दोघांतलं एक जण आधी जाणार. जो मागे राहील त्याला एकट्याने जिथे दिवस काढता येतील, तिथे राहायचं ठरवावं असं मला आता वाटतं. बहुतेक घरांत नवऱ्याचं वय जास्त असतं आणि मागे बायको राहते. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात पत्नीबद्दल एकच ओळ आहे, आणि मी अडकले ती त्याच ओळीत.

आमचे हे भूलतज्ज्ञ. १९७८ साली पुण्याच्या बीजे मेडिकलमधून इंग्लंडला गेले, वर्षभराने लग्न होऊन मी गेले. आधी वुल्व्हरहॅम्प्टन, मग १९८६ पासून तुमच्या हॅरोशेजारचं केंटन. ह्यांनी चाळीस वर्षं पुणं मनात जपलं. मला मात्र केंटन सोडवत नव्हतं. १८३ नंबरच्या बसचा स्टॉप दारापासून चार पावलांवर, केंटन रोडवर मेथी-गवार-कैरी सगळं मिळायचं, गणपतीत डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जायचं. मी केमिस्टच्या दुकानात काउंटरवर होते, तिथली म्हातारी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली तरी थांबून बोलायची. पुण्यात माझं कोण होतं? माहेर सांगलीचं, भाऊ गेल्यावर तेही मिटलं. तरी ह्यांच्यासाठी म्हणून हो म्हटलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये आम्ही कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आलो.

पुढे जे झालं ते दोघांनाही वाटलं नव्हतं. मी रुळले आणि हे रुळले नाहीत.

ह्यांच्या मनातलं पुणं १९७८ चं होतं, सायकल काढून डेक्कनला जायचं. बॅचमधले काही मित्र गेलेले, काही मुलांकडे अमेरिकेला, जे इथे होते त्यांची आपापली बैठक कधीच बसलेली. फूटपाथवर स्कूटर चढली की हे थांबून त्या पोराला समजावायला जायचे आणि घरी येऊन तासभर गप्प बसायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘तिकडे असं नसतं’ असं दोन-तीनदा बोलून गेले, तेव्हापासून लोक त्यांच्याशी जपून बोलायला लागले. मी त्यांना दोष देत नाही. ज्या गावासाठी माणसाचा जीव चाळीस वर्षं तुटला, ते गाव त्याला सापडू नये, हे फार वाईट असतं. मी ते रोज समोर पाहिलं आहे.

मी काही अपेक्षा धरून आले नव्हते, म्हणून असेल, मला जे मिळालं ते सगळं जास्तीचंच वाटलं. सकाळी म्हातोबा टेकडीवर जाणाऱ्या बायकांनी हाक मारून बरोबर घेतलं. कामाच्या मावशींना सुट्टी हवी असली की त्या मलाच सांगायच्या. बँकेची कामं मी अंगावर घेतली, कारण ह्यांना रांगेचा त्रास व्हायचा. त्या वेळी ते कटकटीचं वाटायचं, पण पुढे मी तरले ती त्यावरच.

नोव्हेंबर २०२२, रात्रीचे पावणेदोन. हे बाथरूमच्या दारात पडले, तोंड एका बाजूला गेलेलं. १०८ ला फोन लावला, पण वाट बघवेना. मी समोरच्या फ्लॅटचं दार वाजवलं. तिथला मुलगा बनियनवरच धावत आला, त्याने वॉचमनला बोलावलं. आमच्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही हे मला त्या रात्री कळलं. त्या दोघांनी बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची आणली, ह्यांना तिच्यात बसवून माझ्या कॉटनच्या साडीने छातीपाशी बांधलं आणि तसेच खाली नेऊन त्या मुलाच्या गाडीतून निघालो. हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ होतं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं, कार्ड माझ्या पर्समध्ये, पिन मला पाठ. मी पैसे भरले. हे नऊ दिवस होते.

केंटनला असते तर ९९९ फिरवला असता, पैशाचं नाव निघालं नसतं, हे खरं आहे आणि मी ते विसरलेले नाही. पण पावणेदोनला मी जिचं दार वाजवलं असतं अशी तिथे कोण होती, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. एकही दार आठवलं नाही. तुमच्या पत्नीला हॅरोत असं दार असेल. असेल तर ते फार मोठं आहे, फ्लॅटच्या किमतीशी त्याची तुलना करू नका.

आता पैशाचं. हे इंग्लंडातल्या मराठी लोकांनाही नीट माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. यूकेचं स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारकडून मिळणारं, तिथे राहणाऱ्याला दर एप्रिलला वाढवून मिळतं. अमेरिकेत किंवा युरोपियन युनियनच्या देशांत राहायला गेलं तरी वाढतं. भारतात आलं की गोठतं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथेही तसंच. माझं पेन्शन २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, तेव्हा पूर्ण दर आठवड्याला १५९.५५ पौंड होता. मला आजही तेवढेच येतात. तिथे राहणाऱ्याला २०२५-२६ मध्ये २३०.२५ मिळत होते. म्हणजे वर्षाला साडेतीन हजार पौंडांहून जास्त फरक, आणि तो दर वर्षी रुंदावत जाणार. याविरुद्ध काही पेन्शनर युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले होते, २०१० मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. तेव्हा ‘पुढे बदलेल’ या आशेवर हिशोब मांडू नका. मधे यूकेला राहायला गेलं तर तेवढ्या दिवसांपुरता वाढीव दर मिळतो, पण तो कळवून मागावा लागतो, आणि परतलं की पुन्हा जुना आकडा. कायमचं परत गेलात तर मात्र चालू दराने सुरू होतं.

ह्यांच्या एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, नोकरीचं पेन्शन वेगळं, ते इथेही महागाईप्रमाणे वाढतं. ह्यांच्या मागे मला त्याचं निम्मं मिळतं आणि माझं घर खरं त्यावर चालतं. तुमचं कंपनीचं पेन्शन असेल तर दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: परदेशात वाढतं का, आणि पत्नीला मागे किती मिळेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पत्नीलाही वाचायला द्या.

दुसरं औषधपाण्याचं. तुम्ही कायमचे इथे आलात की एनएचएसच्या हॉस्पिटलचा मोफत उपचाराचा हक्क संपतो. पासपोर्ट ब्रिटिश असला, जन्मभर टॅक्स भरलेला असला तरी तो हक्क तिथे राहण्यावर आहे. पाहुणे म्हणून गेलात तर अपघात विभागात बघतात, पण भरती केलं तर बिल येतं. प्रवासाचा विमा घेतल्याशिवाय नातवंडांना भेटायलाही जाऊ नका. कायमचं राहायला परत गेलात तर हक्क पुन्हा मिळतो, त्यासाठी वर्षं भरावी लागत नाहीत. इथल्या विम्याचं म्हणाल तर आम्ही आलो तेव्हा ६५ च्या पुढे नवीन पॉलिसी मिळवणं कठीण होतं, आम्ही बाजूला ठेव ठेवली आणि तीच कामी आली. एप्रिल २०२४ पासून ६५ ची अट गेली आहे आणि आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. प्रीमियम मात्र वयाप्रमाणे चढतो. तुम्ही येणार असाल तर पहिल्याच महिन्यात पॉलिसी घ्या.

तिकडे सगळं फुकट आहे असं समजणाऱ्यांसाठी एक सांगते. अंथरुणाला खिळल्यावर लागणारी देखभाल इंग्लंडात फुकट नाही. २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असली की केअर होमचा खर्च स्वतःचा, आणि घरात जोडीदार राहत नसेल तर घरही त्यात धरतात. इथे ब्यूरोतून चोवीस तासांची बाई मिळते, पण आज आली ती पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. दोन्हीकडे काळजी आहे.

मुळशीकडे शेतजमीन घेऊन छोटं फार्महाउस बांधायचं तुम्ही लिहिलं आहे. ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने आलं तर गोष्ट वेगळी. कोणी ‘करून देतो’ म्हणालं तर तिथून उठून या. कराचं दोन्ही देशांचं काम बघणाऱ्या सीएला यायच्या आधी विचारा, आल्यावर नव्हे. पहिली दोन-तीन वर्षं परदेशातल्या उत्पन्नाला इथे सवलत मिळू शकते, पण पैसे आधी कुठे जमा होतात यावरही ते अवलंबून असतं.

आणि घर. इथे आमची चूक झाली. दोन वर्षं भाड्याने दिलं होतं, पण भाडेकरूच्या तक्रारी फोनवर ऐकून हे कंटाळले आणि २०२० मध्ये विकून टाकलं. हे गेल्यावर मुलगी आली, म्हणाली, आई, चल आता. मी गेले, तिच्याकडे रेडिंगला पाच महिने राहिले. मुलगी-जावई दोघंही जिवाला जपणारे. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं. स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे ठेवायचा हे मला विचारावं लागायचं. बस होती, पण ती मला कुठे नेणार? रेडिंगमध्ये मला जायला ठिकाण नव्हतं. एका संध्याकाळी नातवाने विचारलं, ‘आजी, तू तुझ्या घरी कधी जाणार?’ अगदी सहज, प्रेमाने विचारलं होतं. मला उत्तर लगेच सुचलं आणि डोळ्यांसमोर आलं ते कर्वेनगर. तोवर मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. पण केंटनचं घर तेव्हा असतं, तर कदाचित मी १८३ नंबरच्या बसमध्ये बसले असते आणि हे उत्तर वेगळं लिहिलं असतं. म्हणून म्हणते, निदान दोन वर्षं घर विकू नका. तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही आहेत, म्हणजे कागदांनी दोन्ही दारं उघडी आहेत. घर विकलंत की त्यातलं एक तुमच्याच हाताने अर्धं बंद होतं. (ज्यांच्याकडे फक्त आयएलआर, म्हणजे यूकेत कायम राहायची परवानगी, आहे त्यांनी लक्षात ठेवावं, सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की ते जातं.)

परत आल्यावर टपालात यूकेच्या पेन्शन खात्याचं पाकीट होतं. माझा हयातीचा दाखला. तो वेळेत भरून, साक्षीदाराची सही घेऊन पाठवला नाही तर पेन्शन थांबतं. आधी दोघांचे फॉर्म हेच भरायचे. मी टेबलाशी बसून सगळा फॉर्म स्वतः भरला, सोसायटीतल्या डॉक्टरांची सही आणली आणि पोस्टात जाऊन रजिस्टर केला. आपल्याला इथे एकटीला राहता येईल, हे मला त्या दिवशी पटलं.

तेव्हा तुम्ही असं करा. येत्या जूनमध्ये दोघं या, चार महिने भाड्याने राहा. डिसेंबरात येऊ नका, डिसेंबरचं पुणं सगळ्यांनाच आवडतं. पावसात कपडे वाळत नाहीत, वीज जाते, रस्त्यात खड्डे असतात, तेव्हाचं बघा. आणि मधले तीन आठवडे तुम्ही एकटे मुलाकडे परत जा. पत्नीला इथे एकटीला राहू द्या: बँक, गॅस, डॉक्टर, मावशी, सगळं त्यांच्यावर. मग हिवाळ्यात तेच हॅरोला करा, चारला अंधार पडतो त्या दिवसांत, तुम्ही इकडे आणि त्या तिकडे. दोन्ही वेळा फोनवर सूचना देऊ नका. नंतर त्या काय म्हणतात ते ऐका.

त्या तीन आठवड्यांत त्यांना काही लागलं, किंवा नुसतं बोलावंसं वाटलं, तर मला इथे मेसेज करायला सांगा. मी साडेआठपर्यंत टेकडीवरून घरी आलेली असते.