अजून वाचता येत नाही, तरी फोनवरून पैसे पाठवायला शिकवू का?

प्रश्न: मी उल्लास या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या वर्गावर स्वयंसेवक म्हणून शिकवते. बायका म्हणतात, बाराखडी राहू द्या, आधी युपीआय शिकवा. बऱ्याच जणींचा पिन मुलाकडे नाहीतर नवऱ्याकडेच असतो. वाचता येत नसताना हे शिकवणं धोक्याचं नाही का?

उत्तर: ताई, शिकवाच. तुम्ही नाही शिकवलं म्हणून व्यवहार थांबणार नाहीयेत, ते दुसऱ्याच्या हातून होत राहतील आणि मला तर खरा धोका तोच वाटतो. शिवाय उल्लासमध्ये (२०२२ ते २०२७, वय १५ आणि पुढे) अक्षर-अंक ओळखीबरोबर आर्थिक आणि डिजिटल साक्षरताही धरलेली आहे, त्यामुळे तुम्ही काही अभ्यासाबाहेरचं करत नाही.

फक्त पैसे पाठवणं शेवटी ठेवा, सुरुवात बँकेच्या मेसेजपासून करा. तोंडी हिशोब या बायकांचा पक्का असतो हो, अडतं ते लिहिलेल्या शून्यांपाशी, म्हणून ५०० आणि ५००० फळ्यावर शेजारी शेजारी लिहून भरपूर सराव घ्या. मेसेज इंग्रजीत येत असेल तर क्रेडिट (पैसे जमा) आणि डेबिट (पैसे वजा) एवढे दोन शब्द नजरेने ओळखता आले तरी पुष्कळ झालं, मग आपल्या खात्यात काय चाललंय हे कुणाला विचारावं लागत नाही.

पिनचं मात्र पुन्हा पुन्हा सांगा. पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही, आणि पैसे यायला आपण क्यूआर स्कॅन करायचा नसतो. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. स्वतः पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी ते कुणाला जातायत ते नाव वाचायचं, वाचता येत नसेल तर थांबायचं. आणि घरच्यांकडे असलेला पिन बदलून घ्यायला लावा, यावर घरात थोडी कुरबुर होईल पण खातं तिचं आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि बँकेला कळवायचं, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार पिन आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी बसतं.

प्रश्न: साधा फोन असलेल्यांनी काय करायचं?

उत्तर: बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावून व्यवहार करायचे, नेट लागत नाही. मार्च २०२२ पासून युपीआय १२३पे पण आहे, त्यात नुसता फोन लावून ऐकत ऐकत व्यवहार करता येतो, त्यामुळे वाचन कच्चं असलेल्यांना मी आधी हेच दाखवेन.