घरातली जुनी मर्सिडीज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घरात एके काळी असलेल्या किंवा अजूनही जपून ठेवलेल्या जुन्या जर्मन गाड्यांविषयीचे प्रश्न आणि आठवणी आम्ही मागवल्या होत्या. आलेली जवळजवळ सर्वच पत्रे मर्सिडीजविषयी आहेत आणि त्याचे नवल वाटू नये. बीएमडब्ल्यूची चेन्नईतील आणि औडीची औरंगाबादेतील जुळणी २००७ साली सुरू झाली, त्यामुळे त्या गाड्या आजोबांच्या आठवणींत जायला अजून अवकाश आहे. निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : आमच्या आजोबांनी १९८३ साली दिल्लीहून सायीच्या रंगाची मर्सिडीज २४० डी आणली. ती परदेशी वकिलातीतील एका अधिकाऱ्याची गाडी होती, असे आजोबा सांगत. धाकटे काका मात्र ‘ही जर्मनीत टॅक्सी म्हणून झिजलेली गाडी तुमच्या गळ्यात मारली’ असे चिडवत, आणि आजोबांना ते मुळीच खपत नसे. आज दोघेही नाहीत, गाडी मात्र वाड्यामागच्या खोलीत उभी आहे. खरे काय ते आता कळू शकेल का? आणि ती पुन्हा चालू होईल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आजोबांच्या म्हणण्यात अशक्य असे काहीच नाही. त्या काळी परदेशी गाडी सरळ आयात करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि राजनैतिक अधिकाऱ्यांनी मायदेशी परतताना मागे ठेवलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळामार्फत विकल्या जात. तुमच्याकडे जुने आरसी बुक असेल तर त्यातील पहिली नोंद पाहावी. महामंडळाची पावती सापडली, तर ती गाडीइतकीच जपून ठेवण्याजोगी आहे.

काकांच्या चिडवण्यालाही थोडा आधार आहे. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीसाठी जो फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला, त्याचा मर्सिडीजमधील क्रमांक ६२३ आहे, आणि तुम्ही ज्याला सायीचा रंग म्हणता तो बहुधा हाच असावा. पण हा रंग खासगी ग्राहकांनाही मिळत असे, त्यामुळे केवळ रंगावरून टॅक्सीचा आळ घेता येत नाही. निकाल लावायचा असेल तर चॅसी नंबर पाहावा. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर माहितीची पत्र्याची पाटी असते, आणि तोच नंबर बॉनेटखाली इंजिनामागच्या भिंतीवर ठोकलेला असतो. दोन्ही जागी कापडाने नीट पुसून, विजेरीचा प्रकाश तिरपा धरून वाचावे. त्यात १२३१२३ हे सहा आकडे दिसले, तर गाडी कारखान्यातूनच २४० डी म्हणून निघाली आहे. त्यापुढचा आकडा महत्त्वाचा. तो १ असेल तर गाडी डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची, आणि २ असेल तर उजव्या बाजूची. स्टिअरिंग आज उजवीकडे आहे आणि आकडा मात्र १ निघाला, तर ते इथे आल्यावर बदलून घेतलेले आहे, आणि मग काकांचे म्हणणे निदान शक्यतेच्या कोटीत येते. आकडा २ असेल तर जर्मनीच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून धावली असण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतोच, कारण तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. याखेरीज प्रत्येक गाडीची कारखान्यात एक नोंदपत्रिका तयार होत असे, आणि तिच्यात रंग, आतील कापड आणि मागणीनुसार बसवलेली साधने संकेतांकांत लिहिलेली असत. कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाकडे, म्हणजे श्टुटगार्टजवळच्या फेलबाख येथील केंद्राकडे, मालकीचा पुरावा जोडून चौकशी करता येते.

गाडी चालू होईल का, याचे आमचे उत्तर ‘बहुधा होईल’ असे आहे, पण बॅटरी जोडून थेट चावी फिरवण्याचा मोह आवरावा. आधी टाकीतले जुने डिझेल काढून टाकी धुवावी, दोन्ही डिझेल फिल्टर आणि ऑइल बदलावे, ब्रेकचे होज पाहावेत आणि इंजिन पान्याने हाताने फिरवून ते मोकळे आहे याची खात्री करावी. त्यानंतरच हीटर प्लगची पाळी येते. सुट्या भागांची चिंता तुम्हाला वाटते तेवढी नाही. या गाडीतील ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे इंजिन पुढे परवान्याखाली पुण्याजवळ आकुर्डीला बनू लागले आणि टेम्पो ट्रॅक्समध्ये बसले, त्यामुळे आपल्याकडचे अनेक मिस्त्री या इंजिनाच्या अंतरंगाशी उत्तम परिचित आहेत. तालुक्याच्या गावी वडाप करणारी ट्रॅक्स आणि आजोबांची मर्सिडीज यांचे इंजिन एकाच कुळातले आहे, हे कळल्यावर काका काय म्हणाले असते, याची कल्पना आम्हाला करता येते. भाग घेताना मात्र जुना भाग सोबत नेऊन ताडून पाहावा, कारण पुढच्या काळात त्या इंजिनात बदल होत गेले.

प्रश्न : माझे वडील १९८४ मध्ये कुवेतहून कायमचे परतले तेव्हा त्यांनी आपली मर्सिडीज ३०० डी बरोबर आणली. त्या गाडीचा वास आणि दार लागतानाचा जड, भरीव आवाज आमच्या बालपणाचा भाग आहे. आता मात्र चावी काढली तरी इंजिन चालूच राहते, आणि चालकाला बॉनेट उघडून एक दांडी दाबावी लागते. गॅरेजवाला संपूर्ण डिझेल पंप बदलायला सांगतो आणि सीटसुद्धा नव्या फोमने भरून घ्या म्हणतो. काय करावे?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : पंप बदलू नका, आणि सीटला तर हातही लावू देऊ नका.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे चावी फिरवून वीज तोडली म्हणजे ते थांबले, असे होत नाही. त्याचे डिझेल तोडावे लागते. या गाड्यांत ते काम निर्वात दाबाने, म्हणजे मिस्त्री ज्याला व्हॅक्यूम म्हणतात त्याने होते. इंजिनावर चालणारा एक छोटा पंप व्हॅक्यूम निर्माण करतो. चावी बंद केली की चावीमागची झडप तो व्हॅक्यूम बारीक नळीने डिझेल पंपावरच्या एका डबीकडे पाठवते, डबीतला रबरी पडदा खेचला जातो आणि डिझेल बंद होते. हाच व्हॅक्यूम ब्रेकच्या बूस्टरला आणि दारांच्या सेंट्रल लॉकलाही पुरवला जातो. चाळीस वर्षांच्या रबरात कुठे ना कुठे चीर पडतेच, आणि मागच्या उजव्या दारातल्या एका फाटक्या पडद्यामुळे इंजिन बंद होत नाही, असे चमत्कारिक वाटणारे दुखणे या गाड्यांत नेहमी आढळते. तुमचा चालक जी दांडी दाबतो, ती कारखान्यानेच अशा प्रसंगासाठी दिलेली आहे आणि तिच्यावर ‘स्टॉप’ असे लिहिलेलेही असते.

मिस्त्रीला हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप थेट त्या डबीला जोडायला सांगावे. इंजिन थांबले तर डबी चांगली आहे, आणि दोष नळ्यांत, दारांत किंवा चावीमागच्या झडपेत शोधावा. थांबले नाही तर डबी बदलावी. डबीची नळी काढल्यावर आत इंजिन ऑइल दिसले तर पडदा फाटला आहे, असे समजावे. तेच ऑइल सरकत सरकत चावीमागच्या झडपेपर्यंत पोहोचते, म्हणून ती नळीही साफ करून घ्यावी. मात्र ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा कडक लागत असेल, तर गाडी त्याच दिवशी उभी करावी, कारण तिथेही हाच व्हॅक्यूम लागतो.

आता वासाविषयी. त्या काळच्या मर्सिडीजच्या सीटमध्ये पोलादी स्प्रिंगांवर रबर चढवलेल्या केसांच्या आणि नारळाच्या काथ्याच्या गाद्या असत. तुम्हाला आठवणारा वास बऱ्याच अंशी त्यांचाच आहे, आणि फोम भरला की तो कायमचा जाईल. शिवाय फोम लवकर दबतो, या गाद्या हवा खेळती ठेवतात. एखाद्या जागी खळगा पडला असेल तर तेवढाच भाग काथ्याने भरून देणारे कारागीर अजून मिळतात. कोकणाला काथ्या नवा नाही. ठाण्याच्या दमट हवेत सीटपेक्षा पत्र्याकडे लक्ष द्यावे. जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा कप्पा, स्टेपनीची खाच आणि मागच्या काचेची कड इथे गंज आधी शिरतो, आणि वरचा रंग चकचकीत असतानाही तो आतून पत्रा खात राहतो.

प्रश्न : माझे वडील पोर्तुगीज काळापासून मडगावला मर्सिडीज १९० डी टॅक्सी चालवत. मुंबईच्या नातेवाइकांना हे सांगितले की ते हसतात. ती गाडी अजून आमच्याकडे आहे. तिची नोंदणी आता कशी करावी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हसणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोव्याला भारताचे आयात निर्बंध लागू नव्हते. उर्वरित देश अँबॅसेडर आणि फियाटसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभा असताना गोव्यात जर्मन गाड्या रीतसर येत होत्या, आणि १८० डी, १९० डी यांसारख्या गोल अंगाच्या मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत. कंपनीने १८० डी १९५४ मध्ये आणि १९० डी १९५८ मध्ये बाजारात आणली. १९० डीची ताकद अवघी ५० अश्वशक्ती होती. ही श्रीमंती मिरवण्याची गाडी नव्हती. कमी डिझेलात न कुरकुरता रोज राबणारे ते वाहन होते, आणि युरोपातही ते टॅक्सीवाल्यांच्याच पसंतीचे होते. तुमच्या वडिलांनी ती त्याच कामासाठी वापरली, यात गाडीचा सन्मानच आहे.

केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात मोठा बदल न केलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीत क्रमांकामध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, पण ज्या गाडीची नोंदणी आधीच झालेली आहे तिला मूळ क्रमांक ठेवता येतो. आमचा सल्ला मूळ क्रमांक ठेवण्याचा आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही, म्हणजे टॅक्सी म्हणून ती आता धावणार नाही. कागदोपत्री ती अजून टॅक्सीच असेल, तर आधी खासगी वापरात बदल करून घ्यावा लागेल. इंजिन नंतर दुसरे बसवले असेल, तर ते अर्जात लपवू नये.

प्रश्न : आमच्या घरी १९९६ ची ई २२० आहे, पिंपरीत जुळवलेली. मुलगा म्हणतो, ‘ही काही खरी जर्मन गाडी नव्हे.’ त्याला काय सांगू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भाग जर्मनीहून आले आणि जुळणी पुण्यात झाली, एवढेच. मर्सिडीज-बेंझची भारतातील कंपनी १९९४ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, भागीदारीत स्थापन झाली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात हे मॉडेल तयार होऊ लागले. पुढे २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. तुमचे मॉडेल, डब्ल्यू १२४, जर्मनीत १९८४ अखेरीस आले आणि १९९५ मध्ये तिथे त्याची जागा नव्या पिढीने घेतली. म्हणजे आपल्याकडे ते सुरू झाले तेव्हा तिकडे निरोपाची तयारी चालू होती, आणि त्या वेळच्या खरेदीदारांची नाराजी समजण्यासारखी होती. पण आज तीच पिढी सर्वांत टिकाऊ मानली जाते, हा काळाने उगवलेला सूड म्हणावा.

मुलाला पावसात समोर बसवून तो एकुलता एक वायपर दाखवा. एकच दांडा काचेच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांकडे जाताना लांब होतो आणि मध्ये आला की आखडतो. मुळाशी असलेल्या दातेरी चक्रामुळे हे घडते, आणि त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. फक्त एक काम लगेच करा. १९९२ ते १९९५ च्या सुमारास बनलेल्या पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगवरचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते. तुमच्या गाडीचे भाग त्याच काळातले असण्याची शक्यता आहे, म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियनकडून इंजिनाची वायरिंग तपासून घ्यावी, नाहीतर शॉर्ट होऊन महागडे कंट्रोल युनिट जळते.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा होता, असे आई सांगते. हे खरे असेल का?
— एक वाचक, अहमदनगर

उत्तर : होय. टेल्कोने १९५४ मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी केलेला करार १९६९ पर्यंत चालला आणि त्या काळात जमशेदपूरहून निघणारे ट्रक ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ याच नावाने विकले जात.

प्रश्न : मी श्टुटगार्टमध्ये नोकरी करतो. वडील दिवाळीनंतर येत आहेत. त्यांनी उमेदीच्या काळात एका कारखानदारांची २४० डी चालवली. त्यांना इथे काय दाखवावे?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : कंपनीचे संग्रहालय तुमच्याच शहरात आहे. तिथल्या दिमाखदार गाड्यांसमोर फोटो काढून झाले की त्यांना एका ग्रीक टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४० डी शोधून दाखवा. ४६ लाख किलोमीटर धावलेली ही गाडी त्याने २००४ मध्ये कंपनीला परत दिली. वडिलांनी चालवली त्याच्या आधीच्या पिढीची ती आहे, पण ओएम ६१६ इंजिन त्यांना ओळखीचे वाटेल, आणि ते थंडीत कसे चालू करावे लागे, हे ते तुम्हाला नक्की समजावून सांगतील. सोमवारी संग्रहालय बंद असते, तेवढे बेत आखताना लक्षात ठेवावे.