पोळी सोडू नका, आधी तेल मोजा

वजन कमी करायला नुकतीच सुरुवात करताय म्हणून आधीच सांगते, भात-पोळी एकदम बंद करू नका. मी केली होती. आठवडाभर नुसती चिडचिड, आणि रविवारी आमरस-पुरीवर आडवा हात!

खरी गडबड फोडणीत असते. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, कणकेत जेमतेम साडेतीन. बाटलीतून 'अंदाजाने' पडणारी धार सहज 3-4 चमचे होते, आणि चहाचा एक चमचा तेल म्हणजे जवळपास 40 कॅलरी. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. संपली की दिवस आणि घरातली माणसं धरून भागाकार करा. आमचा आकडा पाहून मी गप्पच झाले होते.

जेवताना आधी कोशिंबीर आणि घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, मग पोळी. आपोआप एक कमी जाते. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र हलकं समजू नका. साबुदाणा निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट आणि तूप. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी करा. आणि मधुमेहाची गोळी चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली येऊ शकते.