शिपमेंटचा आकडा आणि दुकानातला माल

प्रश्न : लालबागमध्ये आमचे एसी, गीझर आणि पंख्यांचे छोटे दुकान आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक दारात उभे असताना माल मिळत नव्हता, म्हणून २०२५ साठी वितरकाच्या आग्रहाने मी जास्त उचल केली आणि त्यातला निम्मा माल पडून राहिला. त्या हंगामाच्या तोंडावर ‘एसीच्या शिपमेंटमध्ये वाढ’ अशा बातम्या मी वाचल्या होत्या. हे आकडे खोटे असतात का? पुढची खरेदी कशाच्या आधारे ठरवावी?
— एक दुकानदार, लालबाग

उत्तर : आकडे खोटे नसतात, पण आपण ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांत शोधत होतात ते त्यांत नसते. शिपमेंट म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेला माल. तो वितरकाच्या गोदामात जातो, तिथून आपल्यासारख्या दुकानदाराकडे येतो आणि सर्वांत शेवटी कोणाच्या तरी भिंतीवर बसतो. आपल्या व्यवसायात यांनाच प्रायमरी, सेकंडरी आणि टर्शरी म्हणतात. यांतला पहिला आकडा कंपन्यांकडे तयार असल्यामुळे बातमीत बहुधा तोच येतो. जानेवारी ते मार्च या काळात उन्हाळ्याची तयारी आणि आर्थिक वर्षअखेरचे टार्गेट अशी दोन्ही कारणे एकत्र आल्याने हा आकडा चढतोच, आणि त्या वेळी पुढे ऊन कसे पडणार हे कोणालाच ठाऊक नसते.

२०२४ च्या कडक उन्हाळ्याने साऱ्यांचेच अंदाज उंचावले होते. त्या वर्षी देशात सुमारे १ कोटी ४० लाख एसी विकले गेले. २०२५ मध्ये मात्र मे महिन्यातच पावसाने गाठले. मुंबईत मान्सून ११ जूनच्या सुमारास येतो, तो त्या वर्षी २६ मे रोजी दाखल झाला आणि विक्रीचे ऐन आठवडे हातचे गेले. मी पूर्वी भिवंडीच्या एका गोदामात काम केले आहे. असा लवकर आलेला पाऊस तिथे काय करतो, हे मी पाहिले आहे : सर्वांत खालच्या थरातल्या खोक्यांचे पुठ्ठे ओल धरून मऊ पडलेले असतात आणि त्यांच्या बाजूच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना म्हणून जानेवारी छापलेला असतो. तो माल जानेवारीच्या शिपमेंटमध्ये केव्हाच मोजून झालेला असतो. आपल्या दुकानातला निम्मा मालही त्याच आकड्यात होता, हे ध्यानात घ्यावे.

याच्या जोडीला सरकारी तारखा येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे कर धरण्यापूर्वी ४०,००० रुपयांचा असलेला एसी ५१,२०० ऐवजी ४७,२०० रुपयांना पडू लागला. कर कमी होणार याची चाहूल ऑगस्टच्या मध्यालाच लागली असताना कोणते गिऱ्हाईक त्याआधी पैसे मोजेल? पुढे १ जानेवारी २०२६ पासून स्टार मानांकनाचे निकष कडक झाले. असा बदल जवळ आला की कारखाने जुन्या लेबलचा माल आधी बाहेर काढतात आणि नंतरचे काही महिने आकडा मंद दिसतो. या चढउतारामागे मागणीपेक्षा कॅलेंडर अधिक असते, म्हणून कोणत्याही महिन्याची वाढ वाचताना त्याच्या मागेपुढे कोणती तारीख आहे हे आधी पाहावे.

खरेदीसाठी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. आपल्या फिटिंगवाल्यांची वही दर आठवड्याला वाचा. एसी गोदामात वर्षभर पडून राहू शकतो, परंतु कॉपर पाइप, ड्रेन पाइप आणि आउटडोरचा स्टॅण्ड हे एसी बसतो तेव्हाच खर्ची पडतात. मागील तीन वर्षांत मार्च ते जून या काळात आपल्याकडून किती फूट कॉपर गेला, हे आठवड्यावार मांडून पाहिलेत तर लालबागची खरी मागणी आपल्याला वितरकापेक्षा आधी कळेल. माल एकदम न उचलता दोन-तीन हप्त्यांत उचलावा. त्यात योजनेची सूट थोडी कमी मिळाली, तरी अडकलेल्या भांडवलापेक्षा ते बरे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत याच क्षेत्रात काम करतो. तिथे आता घर गरम करणाऱ्या गॅसच्या भट्टीपेक्षा, म्हणजे गॅस फर्नेसपेक्षा, हीट पंप जास्त विकले जातात, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : खरे आहे. तिथली उत्पादकांची संघटना एएचआरआय दर महिन्याला शिपमेंटचे आकडे प्रसिद्ध करते आणि त्यांनुसार २०२२ मध्ये हीट पंप फर्नेसच्या पुढे गेले. पण तुलना सरळ नाही. हीट पंप हा उलटाही चालू शकणारा एसी आहे, त्यामुळे उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे काम तो एकटाच करतो. फर्नेसवाल्या घरात थंडाव्यासाठी वेगळा एसी लागतो आणि तो वेगळ्या रकान्यात मोजला जातो. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून तिथे आर-४१०ए या थंडावा निर्माण करणाऱ्या गॅसवर (रेफ्रिजरंटवर) चालणाऱ्या नव्या घरगुती एसी-हीट पंपांच्या उत्पादनावर बंदी आली, म्हणून व्यापाऱ्यांनी २०२४ मध्येच साठा करून ठेवला. लालबागच्या दुकानदारांना वर जे सांगितले, तेच तिथेही लागू पडते. मुंबईत घर गरम करण्याची गरजच नसल्याने आपल्याकडे ‘हीटिंग’ म्हणजे गीझर, आणि तो व्यापार एसीपासून स्वतंत्र चालतो.

प्रश्न : दुकानात जुन्या लेबलचा ५ स्टार एसी स्वस्तात मिळत आहे. घ्यावा का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : २०२५ चा ५ स्टार नव्या निकषांत साधारणपणे ४ स्टार ठरतो, म्हणून स्टार मोजू नका. दोन्ही लेबलांवरचा ‘आयएसईईआर’ हा वीज-कार्यक्षमतेचा आकडा (तो जितका जास्त तितके चांगले) आणि वर्षाच्या वीजवापराची युनिटे शेजारी ठेवून पाहा. फरक थोडा असेल आणि किंमत खरोखरच उतरली असेल, तर जरूर घ्या. मात्र खोक्यावरचा उत्पादनाचा महिना पाहून घ्या आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाईल, हे बिलावर लिहून मागा.