शेवटचे वीस सेकंद

प्रिय पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा वाचली. राजवाड्यामागच्या जुन्या घरातली मुलगी, आईचा विरोध, आजोबांची फूस, सगळं इंदूरचं वाटतं. शेवटची कुस्ती मात्र फसली आहे. नायिका सोळा वर्षांची आणि तू तिला सहा मिनिटं लढवतेस! सतरा वर्षांखालच्या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोनच फेऱ्या, मध्ये 30 सेकंद विश्रांती. शिवाय गादीवर चीतपट हाच एक निकाल नसतो. तो गावच्या कुस्ती-दंगलीचा हिशेब.

शेवट गुणांवर बांध. पहिल्या फेरीत तिला उभ्यानं फेक मारू दे, समोरची थेट पाठीवर: 4 गुण. मग समोरची दोनदा पट काढून, म्हणजे पाय धरून खाली पाडून, 2-2 घेते, एकदा हिला रिंगणाबाहेर घालवून 1. झाली समोरची 5-4 ने पुढे. वीस सेकंद उरलेत. आता मोठा डाव लागतच नाही. समोरचीचा एक पाय पूर्ण रेषेबाहेर गेला की 5-5, आणि बरोबरीत आधी बघतात, जास्त गुणांचा डाव कुणाचा? तो हिचा. हा नियम आधीच एखाद्या सरावाच्या प्रसंगात पेरून ठेव, नाहीतर टाळ्यांच्या जागी लोक शेजाऱ्याला विचारत बसतील. पिछाडी भरून काढणं फिल्मी वाटत असेल, तर 2016 आठव: रिओत साक्षी मलिक 0-5 ने मागे होती, 8-5 ने ब्राँझ घेऊन आली.

नटीचं म्हणशील, तर पट काढताना नवखी कमरेतून वाकते, मान खाली जाते आणि समोरची तीच दाबते. गुडघ्यांतून खाली जायचं, पुढचा गुडघा तिच्या दोन पायांमध्ये, डोकं बरगडीला भिडलेलं, नजर वर. हात बांधताना बोटं गुंतवायची नाहीत, मोडतात, तळव्याला तळवा. तीन महिने तरी दे. पहिला महिना मान, जोर-बैठका आणि नुसतं पडायला शिकणं. शूटिंगला दिवसात फेकीचे पाच-सहा टेक पुरेत, दमलेली मुलगी मानेवर पडते.

नखं कापलेली, केसांत धातूची क्लिप नको. आणि पोहे-जलेबीचा सीन सरावानंतर घे. भरल्या पोटी जोर कुणी मारत नाही.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा गुणांचा हिशेब समासात लिहून पाठव.