माझ्या प्रोसेसरला ॲक्सी बस (चिपमधले भाग जोडणारी वाट) आहे आणि फुकट मिळालेल्या १६५५० यूएआरटी कोरला (सिरियल पोर्टच्या तयार सर्किट डिझाइनला) विशबोन ही दुसरी बस. दोन्ही जुळत नाहीत. कोर नव्याने लिहू का?

नका लिहू, भाऊ. चालता कोर आतून बदलायला घेतला की त्यातले बगही तुमच्याच गळ्यात. मध्ये दोन्ही बस जुळवणारा छोटा ब्रिज टाका. यूएआरटीला बर्स्ट (एकाच पत्त्यावरून सलग अनेक डेटा) लागत नाही, त्यामुळे प्रोसेसरच्या बाजूला ॲक्सी-लाइट ही साधी आवृत्ती पुरते.

मी आर्वी तालुक्यातल्या खेड्यात बसून हीच कामं करतो. तारा जोडण्यात सहसा कोणी अडकत नाही. कोणी कोणासाठी थांबायचं, इथे गाडी अडते. विशबोनमध्ये पत्ता आणि डेटा सोबतच जातात, ॲक (काम झाल्याची पोच) आला की व्यवहार संपला. आर्मने २००३ मध्ये आणलेल्या ॲक्सीत लिहायचा पत्ता एका चॅनलवर, डेटा दुसऱ्यावर आणि उत्तर तिसऱ्यावर. डेटा पत्त्याच्या आधीही येऊ शकतो. हिंगणघाटच्या यार्डात कापसाची गाडी आधी येवो की कागद, दोन्ही आल्याशिवाय काटा होत नाही. ब्रिजनेही पत्ता आणि डेटा दोन्ही आल्यावरच विशबोनचा स्ट्रोब (व्यवहार सुरू करणारा सिग्नल) वर करावा.

परतीच्या वाटेवर उलटा घोळ. विशबोनचा ॲक क्लॉकच्या एखाद्याच ठोक्यापुरता येतो, पण त्या क्षणी प्रोसेसरचा रेडी (घ्यायला तयार असल्याचा सिग्नल) खाली असू शकतो. म्हणून ॲक फ्लिप-फ्लॉपमध्ये (एक बिट साठवणाऱ्या सर्किटमध्ये) धरून ठेवा आणि रेडी येईपर्यंत उत्तराचा व्हॅलिड (उत्तर हजर असल्याचा सिग्नल) सोडू नका. उलट, रेडी दिसल्यावरच व्हॅलिड वर करणं ॲक्सीत चालतच नाही. दोघं एकमेकांची वाट पाहत कायमचे बसतील. रीसेटही तपासा: ॲक्सीचा शून्यावर चालतो, विशबोनचा एकवर.

आता खरा काटा. १६५५० ची रजिस्टरं आठ बिटांची, एकाला एक लागून. तुमची बस ३२ बिटांची. बसची रुंदी बदलणारा तयार विड्थ कन्व्हर्टर लावला आणि त्याने एका रीडचे चार बाइट-रीड केले, तर पहिल्या रीडने फिफोतलं (आलेली अक्षरं रांगेत धरणाऱ्या साठ्यातलं) अक्षर निघून जाईल आणि तिसऱ्याने ट्रान्समिटचा प्रलंबित इंटरप्ट पुसला जाऊ शकतो. सॉफ्टवेअरवाला बिचारा रात्रभर ड्रायव्हरला शिव्या देईल. लिहिताना कोणता बाइट हवा ते ॲक्सीच्या राइट स्ट्रोबवरून निवडता येतं, वाचताना तसा स्ट्रोबच नसतो. म्हणून मी दर रजिस्टरला चार बाइटांची जागा देतो, म्हणजे पत्ता दोन बिटांनी सरकवायचा. ड्रायव्हरमध्ये फक्त अंतर बदलतं.

क्लॉक एकच असेल तर एवढ्यावर भागतं. वेगळे असतील तर एकेका बिटाला दोन फ्लिप-फ्लॉप, अख्ख्या डेटाला ग्रे कोडची (दर पावलाला एकच बिट बदलणाऱ्या मोजणीची) असिंक्रोनस फिफो. आठही बिटांना सुटे सिंक्रोनायझर (हेच दोन फ्लिप-फ्लॉप) लावू नका, बिटं मागेपुढे पोचतात.

तपासायला आयकॅरस व्हेरिलॉग (सिम्युलेटर) आणि जीटीकेवेव्ह (सिग्नलचे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) पुरतात. जुन्या लॅपटॉपवर चालतात, एकदा उतरवले की नेट लागत नाही, लाइट गेली तरी बॅटरीवर काम सुरू. टेस्टबेंचमध्ये (चाचणीच्या कोडमध्ये) रेडी मुद्दाम रँडम ठेवा, आणि डेटा कधी पत्त्याच्या आधी, कधी नंतर पाठवून बघा.