न्हावा-शेवाची टर्मिनले परदेशी कंपन्यांच्या हाती असणे देशाच्या सुरक्षेला धोक्याचे आहे का?

आपण विचारले आहे की, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातली बहुतेक कंटेनर टर्मिनले परदेशी कंपन्यांकडे असताना उद्या युद्धाचा प्रसंग आला किंवा एखाद्या देशाशी बिनसले, तर आपली मान त्यांच्या हाती सापडणार नाही का. मी गेली चोवीस वर्षे फोर्टमधल्या एका कार्यालयातून कस्टम ब्रोकरचे, म्हणजे जुन्या बोलीत सीएचएचे, काम करतो; व्यापाऱ्यांचा माल सीमाशुल्कातून सोडवून देतो. संरक्षण हा माझा विषय नव्हे, पण त्या गेटमधून रोज माल आत-बाहेर करताना जे दिसते त्यावरून सांगतो. मालक कोणत्या देशाचा यापेक्षा मला करारातल्या कलमांची आणि टर्मिनलच्या संगणकाची काळजी अधिक वाटते.

आपण वाचलेली माहिती मुळात खरी आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदराने १९९७ मध्ये देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल ३० वर्षांच्या कराराने पी अँड ओ पोर्ट्स या कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाला दिले आणि २००६ मध्ये ती कंपनीच दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतल्यामुळे टर्मिनल आपोआप दुबईकडे गेले. त्याच सुमारास डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स आपल्या रेल्वेच्या कॉनकॉर या कंटेनर कंपनीला सोबत घेऊन आली, पुढे सिंगापूरच्या पीएसए या कंपनीने चौथे टर्मिनल उभारले, आणि बंदराचे स्वतःचे जे टर्मिनल उरले होते तेही २०२२ मध्ये आपल्याच जे. एम. बक्षी आणि फ्रान्सच्या सीएमए समूहाच्या भागीदारीकडे गेले. २०२४-२५ या वर्षात येथून सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने तितक्या पेट्या, हलवल्या गेल्या. तरीही जमीन, पाणी आणि परवाना बंदर प्राधिकरणाचाच आहे. घरमालक आणि भाडेकरू असा हा व्यवहार आहे.

भाडेकरूच्या हातात नेमके काय असते, ते निर्यातीच्या एका पेटीवरून सांगतो. भिवंडीच्या गोदामात माल भरला, सील ठोकले आणि ट्रेलर निघाला की चालकाच्या हातात फॉर्म १३, म्हणजे गेटमधून आत जाण्याचा कागद, लागतो, नाहीतर गेटवर त्याला उभे करत नाहीत. बंदराच्या प्रवेशद्वारावर केंद्र सरकारच्या सीआयएसएफ या सुरक्षा दलाचा जवान असतो, तो टर्मिनल कंपनीचा नोकर नव्हे. सील तपासून माल जहाजावर चढवण्याची परवानगी देणारा अधिकारी सीमाशुल्क विभागाचा असतो; ती परवानगी संगणकावर दिसेपर्यंत माझा माणूस तेथल्या टपरीवर तिसरा चहा घेत बसलेला असतो. जहाजाला खाडीतून आत आणणारा पायलटही कंपनीचा नसतो. कंपनीकडे असतात ते धक्का, क्रेन, यार्ड आणि कोणती पेटी कोणत्या रांगेत किती उंचीवर ठेवली आहे याचा हिशेब. जानेवारी २०२४ मध्ये चीनहून कराचीला निघालेले एक जहाज न्हावा-शेवात थांबवून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी संगणकचलित यंत्रसामग्री उतरवून घेतली, कारण ती क्षेपणास्त्रांच्या कामी लागू शकते असा संशय होता. धक्का कोणाकडे आहे, या प्रश्नाने त्या कारवाईत काही अडले नाही.

उलट, १९९३ च्या बॉम्बस्फोटांचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरले, आणि त्या प्रकरणात शिक्षा झालेल्यांमध्ये आपलेच सीमाशुल्क अधिकारी आणि पोलीस होते. २६/११ चे मारेकरी कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीशी रबरी होडीने आले. धोका टर्मिनलच्या गेटमधून नव्हे, मोकळ्या किनाऱ्यावरून आला, हे कोकणी माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

मालकाचा देश अजिबात पाहू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. पी अँड ओच्या त्याच सौद्यात न्यूयॉर्क, बाल्टिमोर, मायामी अशा अमेरिकी बंदरांतली टर्मिनलेही दुबईकडे जाणार होती. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये एवढा गदारोळ झाला की राष्ट्राध्यक्ष बुश सौद्याच्या बाजूने उभे असूनही डीपी वर्ल्डला मार्च २००६ मध्ये माघार घ्यावी लागली. आमच्याकडे तीच मालकी बदलली आणि आमच्या कार्यालयात फक्त बिलावरचे नाव बदलल्याची नोंद झाली. पण त्याच सुमारास मुंबई बंदराच्या कंटेनर टर्मिनलसाठी उत्सुक असलेल्या हाँगकाँगच्या हचिसन समूहाला भारत सरकारने सुरक्षा मंजुरी दिली नाही. मला अमेरिकेतला गदारोळ बराचसा निवडणुकीचा वाटला, आणि आपल्या सरकारची निवड अधिक समंजस. डीपी वर्ल्ड दुबई सरकारची आहे आणि पीएसएमागे सिंगापूर सरकारची गुंतवणूक कंपनी आहे. म्हणजे ‘खासगी’ हा शब्द येथे फारसा कामाचा नाही. विचारायचे ते एवढेच की, त्या कंपनीमागे उभ्या असलेल्या राज्याचा आपल्या सीमेवर काही दावा आहे का. २०१४ मध्ये कोलंबोत चिनी पाणबुडी आली तेव्हा ती लागली चिनी कंपनीच्या टर्मिनलला, आणि श्रीलंकेचेच हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी त्याच चायना मर्चंट्स कंपनीकडे गेल्यावर २०२२ मध्ये तेथे ‘युआन वांग ५’ हे टेहळणी जहाज आपल्या आक्षेपानंतरही येऊन गेले. एप्रिल २०२० मध्ये आपल्याला लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणुकीला सरकारची मंजुरी सक्तीची केली गेली, ते योग्यच झाले.

आता संगणकाकडे येतो. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या संगणक विषाणूने मर्स्कचे जगभरचे संगणक बसवले, आणि न्हावा-शेवातले एपीएमचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनी स्वतः त्या हल्ल्याची बळी होती आणि तिच्या मालकांचे आपल्याशी काही वैरही नव्हते. युक्रेनला लक्ष्य करून सोडलेला विषाणू आपल्या उरणच्या रस्त्यावरची ट्रेलरची रांग वाढवू शकतो, एवढाच याचा अर्थ. टर्मिनलमध्ये पेटी हरवत नाही. ती कुठे आहे हे सांगणारा माणूस हरवतो, आणि तो माणूस आता सॉफ्टवेअर आहे. त्या सॉफ्टवेअरमधल्या पेट्यांच्या यादीवरून कोणता कारखाना काय मागवतो, कोणाला विकतो, महिन्याला किती, याचा माग काढता येऊ शकतो, आणि संरक्षण सामग्री बनवणाऱ्या कारखान्यांचे सुटे भागही याच पेट्यांतून येतात. ती यादी कोणत्या देशातल्या सर्व्हरवर साठते, हे विचारायला हवे. दुसरी गोष्ट क्रेनची. धक्क्यावरच्या उंच क्रेन जगभर बहुतांशी शांघायच्या झेडपीएमसी या कंपनीच्या असतात, मग टर्मिनल डॅनिश असो की भारतीय. अमेरिकेने त्यांच्या नियंत्रण यंत्रणेवर २०२४ मध्ये बंधने घालायला घेतली. कंपनी देशी केली तरी क्रेन तीच राहते, हे आपल्या चर्चेत फारसे कोणी बोलत नाही.

करारांचा विषय रुक्ष आहे, पण खरी पकड तेथेच असते. मे २०२५ मध्ये तुर्की कंपनी चेलेबीची सुरक्षा मंजुरी काढून घेतली गेली, तेव्हा मुंबई विमानतळावर सामान हाताळण्याचे काम दुसऱ्यांकडे सोपवावे लागले आणि ते झालेही. तिथे ट्रॅक्टर, शिड्या आणि माणसे होती. टर्मिनल असे एका रात्रीत बदलत नाही. आफ्रिकेतल्या जिबुती देशाने २०१८ मध्ये डोरालेचे टर्मिनल डीपी वर्ल्डकडून परस्पर काढून घेतले, तर लंडनच्या लवादात अनेक निकाल जिबुतीच्या विरोधात गेले आणि शेकडो दशलक्ष डॉलरची भरपाई अंगावर आली. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये डार्विन बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला जाऊ दिले आणि दहा वर्षांनी तेथले दोन्ही मोठे पक्ष ते परत घेण्याची भाषा करू लागले. द्यायला सोपे, काढून घ्यायला महाग.

आपण स्वतःही दुसऱ्यांच्या दारात भाडेकरू आहोत, हे येथे सांगून ठेवतो. अदानी समूह २०२३ पासून इस्रायलचे हैफा बंदर चालवतो, आणि त्याच्या शेजारचे नवे बंदर शांघायच्या सरकारी कंपनीकडे आहे. इराणच्या चाबहार बंदरासाठी तर आपल्या सरकारी कंपनीनेच २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत बसलात, तर नौदलाची जहाजे मोबाइलमध्ये टिपता येतील एवढी जवळ दिसतात, तेव्हा धक्क्यावरून कुणी नुसते डोळ्यांनी पाहील याची मला तितकी धास्ती नाही. न्हावा-शेवाच्या त्या पहिल्या कराराची ३० वर्षे २०२७ मध्ये भरतात आणि पालघर जिल्ह्यातल्या वाढवण येथे ७६,२२० कोटींचे बंदर मंजूर झाले आहे. त्या कागदांत मी तीन गोष्टी शोधीन: मूळ कंपनी विकली गेली तर सुरक्षा मंजुरी नव्याने घ्यावी लागते का, माहितीचा सर्व्हर देशात आहे का, आणि आणीबाणीत सरकारला भरपाईच्या वादात न अडकता टर्मिनल चालवायला घेता येते का. यातले पहिले कलम पक्के असते, तर २००६ साली आमच्या कार्यालयाला बिलावरचे नाव बदलण्यापूर्वी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागली असती.